बोनेटखालची बारा व्होल्ट

इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो असं लोक म्हणतात, पण एक असतो. स्टार्टचं बटण दाबलं की सीटखालून टक्‌ टक्‌ असं ऐकू येतं. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर लागल्याचा तो आवाज. गाडी बंद असताना तीनशेच्या वर व्होल्टची ती बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते, आणि तशीच असायला हवी. तिला जोडायचं तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज द्यावी लागते. ती वीज कुठून येणार? मोठी बॅटरी तर अजून जोडलेलीच नाही! ती येते बोनेटखालच्या बारा व्होल्टच्या साध्या शिशाच्या बॅटरीतून. दरवाजांची कुलुपं, दिवे, गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर तिच्यावरच चालतात. ती बसली की मोठ्या बॅटरीत कितीही चार्ज असो, गाडी जागची हलत नाही.

हे मला माहीत होतं, कारण मी नागपुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि बॅटरी हा माझा आवडीचा धडा. प्रत्यक्ष गाठ पडली ती एका फेब्रुवारीत. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून काटोलला जायचं होतं. रात्री गाडी चार्ज केलेली, आणि सकाळी किल्लीचं बटण दाबलं तर काही नाही. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. शेजारच्या काकांच्या पेट्रोल गाडीवरून जंपर केबल लावली, तसे कॉन्टॅक्टर लागले आणि गाडीतल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरने बारा व्होल्टचं काम हातात घेतलं. काटोलला वेळेत पोचले.

पेट्रोल गाडीची बॅटरी म्हातारी झाली की सांगते. सेल्फ रेंगाळतो, दिवे मंद होतात, आठवडाभर आधी अंदाज येतो. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ नसतो. कॉम्प्युटर आणि कॉइल यांना करंट थोडाच लागतो, त्यामुळे मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा शेवटपर्यंत धकते आणि एके दिवशी थेट संपते. त्यात गाडी उभी असतानाही पूर्ण झोपत नाही. मोबाइलवरचं अॅप उघडून चार्ज किती हे पाहिलं तरी तिच्यातले कॉम्प्युटर जागे होतात. ही बॅटरी रोज थोडी उतरते, थोडी चढते, आणि सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या पातळ प्लेटच्या बॅटरीला नेमकं हेच सोसत नाही. उतरताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट साचतं. लगेच चार्ज मिळाला तर ते परत विरघळतं. अर्धवट अवस्थेत राहिलं तर त्याचे स्फटिक मोठे होतात आणि पुन्हा विरघळायला तयार होत नाहीत, तेवढी क्षमता कायमची गेली. वर आमचा विदर्भाचा मे महिना. उन्हाने प्लेटांची जाळी लवकर गंजते आणि पाणी उडतं.

मग लिथियमचा विचार सुरू झाला. लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात ज्याला एलएफपी म्हणतात ते. 1997 साली टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी या पदार्थावरचा निबंध छापला. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही, म्हणून ही बॅटरी इतर लिथियमपेक्षा भडकायला अवघड. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. शिवाय इलेक्ट्रिक गाडीच्या बोनेटखाली इंजिनाची भट्टी नसते, हाही दिलासा.

एलएफपीचा एक सेल 3.2 व्होल्टचा. चार जोडले की 12.8 होतात, म्हणजे शिशाच्या बॅटरीच्या जवळजवळ जोडीला. सगळा मोह या जवळजवळमध्ये आहे आणि सगळा धोकाही. गाडीचा कन्व्हर्टर शिशासाठी जुळवलेला असतो. एलएफपी नीट भरायची तर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. तेरा-सव्वातेरावर ती अर्धवटच राहते, आणि 14.6 च्या वर गेलं की काही वेळाने तिच्या आतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, बॅटरी तोडून टाकू शकतं. चालत्या गाडीत बॅटरी अशी तुटणं मला मुळीच चालणार नव्हतं, कारण स्टिअरिंगची मोटर अचानक मोठा करंट मागते तेव्हा कन्व्हर्टरला आधार या बॅटरीचाच असतो.

म्हणून मी ठरवलं, आधी मोजायचं. जुनी बॅटरी चार्जरवर लावून कशीबशी उभी केली आणि एक छोटा जंप-पॅक कॉलेजच्या पिशवीत ठेवायला लागले. डिकीत नाही, तिथे उन्हात तो शिजला असता. मग मल्टिमीटरचं काम सुरू झालं. फेब्रुवारीच्या पहाटे गाडी चालू करून टर्मिनलवर व्होल्टेज पाहिलं, चार्जिंगला लावून पाहिलं, वर्धा रोडवर फेरी मारून आल्यावर पाहिलं, आणि मे महिन्यात दुपारी दोनला, बोनेटला हात लावता येत नव्हता तेव्हाही पाहिलं. हे एकदाच मोजून भागत नाही. शिशाच्या बॅटरीला थंडीत जास्त आणि गरमीत कमी व्होल्टेज द्यायचं असतं, आणि बऱ्याच गाड्या हवेप्रमाणे ते बदलतात. माझ्या गाडीत पहाटे 14.4 दिसलं आणि दुपारी 13.8 च्या खाली काही ते उतरलं नाही. हे आकडे एलएफपीला मानवणारे होते. ते तसे नसते तर मी हा विषय तिथेच सोडला असता.

मिनेसोटात माझी मामेबहीण राहते. तिला मी फोनवर पहिलं हेच सांगितलं की तू हे करू नकोस. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज केली तर लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं आणि सेल बिघडतो. तिथे आतून गरम होणारीच बॅटरी हवी. नागपूरला ती चिंता नाही. तिनेही एक चांगला प्रश्न विचारला: टेस्लाने 2021 पासून कारखान्यातूनच या जागी लिथियम दिली, मग आपल्याला का जमू नये? उत्तर असं की टेस्लाची ती बॅटरी साडेपंधरा व्होल्टची आहे आणि कन्व्हर्टर तिच्यासाठीच जुळवलेला आहे. बॅटरी आणि तिला भरणारा यांचं लग्न तिथे जमवून दिलेलं असतं, आपल्याला पत्रिका स्वतः पाहावी लागते.

बॅटरीच्या दुकानातल्या भाऊंनी आधी सोलरच्या दिव्याची एलएफपी काढून दाखवली. "ताई, हेच घ्या ना, स्वस्तात पडते." मी बीएमएसचा करंट विचारला. तीस अँपिअर. ती बॅटरी दिव्याला उत्तम, गाडीला नाही. शेवटी मोठ्या करंटची, गाडीसाठीच बनवलेली, जुन्या खोक्याच्याच मापाची बॅटरी मागवली. शिशाच्या बॅटरीच्या जवळपास तिप्पट पैसे पडले. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ते ना हो म्हणाले ना नाही, इतकंच की बारा व्होल्टच्या वायरिंगची तक्रार आली तर वॉरंटीत अडचण येऊ शकते. ही जोखीम समजूनच मी पुढे गेले.

बसवण्याचं काम लहान आहे, पण क्रम पाळावा. गाडी बंद करून किल्ली घरात नेऊन ठेवली आणि कॉम्प्युटर झोपेपर्यंत थांबले. नारिंगी वायरींच्या वाटेला जायचं नाही, तो मोठ्या बॅटरीचा मुलूख. दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडवला, मग प्लस. जुनी बॅटरी बारा किलोच्या आसपास, नवी तिच्या निम्मीसुद्धा नाही, पण तेवढ्या वजनाने गाडीला काही फरक पडत नाही आणि जाहिरातीत त्याचंच कौतुक जास्त असतं. नवी बॅटरी आधीच पूर्ण चार्ज करून ठेवली होती. रिकामी एलएफपी करंट अधाशासारखा ओढते, तो भार पहिल्याच दिवशी कन्व्हर्टरवर कशाला? प्लस, मग मायनस, मग वरची पट्टी घट्ट. गाडी चालू केल्यावर स्टिअरिंगचा इशारा-दिवा लागला. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवलं, तसा विझला.

यानंतरची गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. शिशाची बॅटरी उतरते तसं तिचं व्होल्टेजही पायरी पायरीने उतरतं: भरलेली असेल तर 12.7, अर्धी असेल तर 12.2. गाडी त्यावरूनच अंदाज घेते आणि गरज वाटली तर मोठ्या बॅटरीतून तिला भरून घेते. एलएफपी मात्र भरलेली असो की निम्मी, तेराच्या वरच राहते आणि अगदी शेवटी कड्यावरून कोसळावं तशी खाली येते. म्हणजे गाडीला ती कायम तृप्तच दिसते आणि गाडीला शंका येईपर्यंत आत फार थोडं उरलेलं असतं. त्यामुळे गाडीच्या अंदाजावर मी विसंबत नाही. बॅटरीच्या बीएमएसमध्ये ब्लूटूथ आहे, त्यावर खरा चार्ज दिसतो. दिवाळीत आम्ही रेल्वेने रत्नागिरीला गेलो, गाडी बंद उभी होती. परतल्यावर पाहिलं तर निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. माझी जुनी बॅटरी इतक्या मुक्कामाला टिकली नसती.

जुन्या बॅटरीचं काय केलं हेही सांगायला हवं. दारावर येणारा भंगारवाला तिचे पैसे जास्त देत होता. मी दिली नाही. कुठल्या तरी आवारात ती फोडली जाते, आम्ल नाल्यात ओततात, शिसं उघड्या भट्टीत वितळवतात आणि त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. शिसं मेंदूची वाढ अडवतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची सोय करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मी ती बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडे दिली आणि पावती घेतली. लिथियमची बॅटरी संपेल तेव्हाही तेच करायचं आहे.

माझं पाहून स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीलाही तिच्या गाडीत लिथियम बसवायची होती. एका रविवारी तिच्या अंगणात आम्ही मीटर लावलं. तिची गाडी दुसऱ्या कंपनीची. चालू केल्यावर थोडा वेळ चौदाच्या वर आकडा राहिला, मग 13.1 वर येऊन बसला आणि तासभर तिथून हलला नाही. एवढ्यात एलएफपी कधीच पूर्ण भरली नसती. तिला मी स्पष्ट नको म्हटलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या गाडीत आम्ही शिशाचीच, पण एजीएम प्रकारची बॅटरी बसवली.