जाईवरची पांढरी माशी



आमच्या मिर्पेसेतवरची जाई ताबडतोब काढून टाकावी, असा कागद २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या दाराला चिकटवलेला सापडला. खाली वाद बायितची सही. अश्दोदला आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, आणि कागदात लिहिलेले काही खोटे नव्हते. आमच्या खाली राहणाऱ्या बाई, मूळच्या मोरोक्कोच्या, अंगणात दोरीवर कपडे वाळत घालतात. त्यांच्या पांढऱ्या चादरींवर आमच्या वेलातून चिकट थेंब गळायचे, आणि जिथे थेंब तिथे चार दिवसांनी काळा डाग. बाईंनी महिनाभर तोंडाने सांगून पाहिले. आम्ही आपले 'यिह्ये बेसेदेर' म्हणत वेळ मारून नेली. मग आला तो कागद.

आता ही जाई साधी नव्हे. आमची आई १९७१ साली अलिबागहून आली ती इथे रमेना. बाजार कळेना, भाषा कळेना. अलिबागला आमच्या इस्रायल आळीतल्या घरामागे विहिरीजवळ जाईचा मांडव होता, संध्याकाळी परडीभर कळ्या निघायच्या. इथे शेजारच्या इमारतीत इजिप्तहून आलेल्या एक आजीबाई होत्या, त्यांच्या दारात जाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण फुलाचा वास दोघींना कळत होता. त्यांनी एक फांदी कापून दिली, आईने ती जैतुनाच्या रिकाम्या डब्यात लावली. आई १९९८ साली गेली. शेवटपर्यंत शुक्रवारी अंबाड्यात चार फुले असायचीच. तेव्हा वेल काढा म्हटल्यावर आमच्या पोटात काय झाले ते वेगळे सांगायला नको.

मग आम्ही कामाला लागलो, आणि वेड्यासारखे लागलो. भांडी घासायचा साबण अर्धा आणि पाणी अर्धे, असा काढा करून भर दुपारी बारा वाजता वेलावर शिंपडला. ऑगस्टचे अश्दोदचे ऊन! दोन दिवसांत पाने भाजल्यासारखी तपकिरी झाली. माश्या मात्र मजेत. वेलाला हात लावला की पिठाची चिमूट उधळावी तशा उडायच्या आणि पुन्हा बसायच्या.

मिश्तालावाल्याने एक औषध दिले. फवारले त्या दिवशी सगळे स्वच्छ, आम्ही खूष. आठ दिवसांनी पाहतो तर पहिल्यापेक्षा दुप्पट. परत गेलो तर त्याने मुळाशी ओतायचे दुसरे औषध दाखवले, झाडाच्या रसात भिनणारे. ते घरी आणले, पण आमच्या सूनबाईंनी बाटली उघडू दिली नाही. म्हणाल्या, "फुलांवर मधमाश्या येतात, आणि पोरे ती फुले नाकाला लावतात." सूनबाईंचे बरोबर होते. असल्या जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ साली मधमाश्यांपायीच बंद केला.

शेवटी आमचे मामेभाऊ आले. यांनी मोशाववर आयुष्यभर टोमॅटो लावले. चहासुद्धा न घेता ते वेलापाशी गेले आणि एका बोटाने पान उलटे केले. "तुम्ही दोघांनी इतके दिवस पानाच्या पाठीवर औषध मारले," ते म्हणाले, "आणि ही सगळी वस्ती पोटाखाली आहे."

चष्मा लावून पाहिले तर खरेच. पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक फिकट खवले चिकटलेले, टिकलीएवढीही जागा मोकळी नाही.

मुलांनो, हे तुम्ही नीट वाचा. पांढरी माशी ही माशीच नव्हे! खऱ्या माशीला दोन पंख, हिला चार, आणि त्यांवर पांढऱ्या मेणाची पूड. ही मावा आणि खवलेकिडीची नातेवाईक. हिब्रूत हिला 'क्नीमत आश' म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. ती पानाखाली अंडी घालते. पिल्लू निघाले की थोडे चालते, सोंड खुपसून बसते, आणि मग पंख फुटेपर्यंत जागचे हलत नाही, नुसता रस पिते. रस इतका पिते की जास्तीची साखर बाहेर टाकते. तेच बाईंच्या चादरीवरचे चिकट थेंब. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, ते डाग. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे पुरतात. औषधाने उडत्या माश्या मेल्या, पण अंडी आणि बरीचशी पिल्ले तशीच राहिली. दुप्पट झाल्या त्या अशा.

मामेभावांचा या माशीशी जुना दावा. १९७६ साली तिच्या तंबाखूच्या जातीने इथल्या कापसाची वाट लावली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. टोमॅटोची पाने पिवळी करून गुंडाळणारा रोगही तीच पसरवते. "विषाला ती सवकते," ते म्हणाले, "आणि विषाने तिला खाणारे किडे मात्र आधी मरतात." तिला खाणाऱ्यांपैकी एक तर आपल्याच देशातला आहे. बेत दागानला बदामाच्या झाडावर सापडलेला, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक कोळी. प्राध्यापक स्विर्स्की यांच्या नावावरून १९६२ साली त्याला नाव मिळाले. आज जगभरच्या काचघरांत पांढऱ्या माशीवर तो सोडतात. एका वेलासाठी आम्ही काही तो मागवला नाही.

आम्ही केले ते असे. सगळ्यात बरबटलेल्या फांद्या कापून लगेच पिशवीत बांधून फेकल्या. नळीच्या पाण्याने पाने खालून धुतली. मग एक लिटर पाण्यात चहाचा एकच चमचा साबण, थोडे कडुनिंबाचे तेल, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा, थेंब गळेपर्यंत. आधी दोन पानांवर मारून पाहिला. एकदा हात पोळला की माणूस ताकही फुंकून पितो. साबण ज्याच्या अंगाला लागतो तोच किडा मरतो, म्हणून दर सहा दिवसांनी, असे पाच वेळा. कडुनिंबाचा वास आला तशी आईची धान्याची कणगी आठवली, तिच्यात ती कडुनिंबाचा पाला घालायची.

मुंग्याही बंद केल्या. त्या गोड थेंबांसाठी वेलावर चढतात आणि आपल्या कामाच्या किड्यांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळली. भरपूर खत घालायचे थांबवले, कारण खताच्या कोवळ्या लुसलुशीत पानांवर माशी आधी येते. नातवाने पिवळ्या पुठ्ठ्याला व्हॅसलिन फासून वेलात टांगले. पिवळ्या रंगावर ती भाळते आणि चिकटते. रोज मोजून वहीत आकडा लिहायचा हे त्याचे काम. पहिल्या दिवशी त्याने १४० पर्यंत मोजले आणि कंटाळला. सुक्कोतला ११.

त्याआधी आम्ही खाली जाऊन बाईंची माफी मागितली होती, आणि दोन नव्या चादरी दिल्या. सुक्कोतपर्यंत मुदत मागितली. बाई चादरींकडे बघत म्हणाल्या, "मुदत देते, पण वेल मी रोज बघणार." आणि खरेच रोज बघायच्या, कमरेवर हात ठेवून.

जाई आहे. माशीही आहे, अगदी गेली असे नाही. दर उन्हाळ्यात थोडी येते, आणि आम्ही शुक्रवारी सकाळी पाने उलटून पाहतो. बाईंना परडीतली फुले पोचतात, त्या ती बशीत पाण्यावर ठेवतात. पण आमच्या मिर्पेसेतखालच्या दोरीवर त्या अजून पांढरी चादर घालत नाहीत. फुलाफुलांची घालतात.