भोपळ्याची उशी

उशी ही माणसाच्या अगदी जवळची वस्तू. दिवसाचा शीण, रात्रीची स्वप्ने आणि कधीकधी कोणालाही न दाखवलेले अश्रू तिच्याच वाट्याला येतात. म्हणूनच की काय, आमच्या घरी उशीची थट्टा कोणी करीत नाही. उशीला पाय लावू नये. उशीवर बसू नये, बसल्यास गळू होते. तान्ह्या बाळाच्या उशाखाली अडकित्ता ठेवावा म्हणजे वाईट स्वप्ने फिरकत नाहीत, असे आजीचे कायदे आहेत. अशा घरात २०२४ सालच्या आश्विन महिन्यात भुताखेतांच्या उशा शिवण्याचे काम निघाले. तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

आमचे घर लष्करात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास येथे तळ दिला आणि छावणीचेच पुढे शहर झाले. त्या काळी आलेल्या मराठी कुटुंबांनी जे सामान आपल्याबरोबर आणले, त्यात बैठकीची हौसही असावी. आमच्या बैठकीत अजून गादी, लोड आणि तक्के आहेत. दर दिवाळीला त्यांचे अभ्रे नवे होतात आणि ते आजीच्याच हातचे असतात. आजीचे शिवणयंत्र ‘उषा’ आहे. उषेवर उशी शिवायची, हा विनोद आमच्या घरी तीन पिढ्या चालत आला आहे आणि अद्याप त्याला कोणी हसले नाही असे झालेले नाही.

नवरात्रात अमेरिकेहून आतेबहिणीचा फोन आला. तिची मुलगी सात वर्षांची, म्हणजे आजीची पणती. दिवाळीच्या दिवसांत पणतीचे नाव निघाले की आजीचा चेहरा कसा उजळतो, हे सांगायला नको. पणतीने हॅलोविनसाठी पणजीच्या हातच्या चार उशा मागितल्या होत्या. सोबत चित्रेही आली: एकावर दात विचकणारा भोपळा, दुसऱ्यावर झाडूवर बसून उडणारी चेटकीण, तिसऱ्यावर घुबड, चौथ्यावर कोळ्याचे जाळे.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला येते. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण असतो. ही त्याची पूर्वसंध्या. त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात, अशी आयर्लंड आणि स्कॉटलंडातली जुनी समजूत. तेथे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ती माणसे अमेरिकेत गेली, तेथे त्यांना मोठा भोपळा सापडला आणि सलगम मागे पडला. आता मुले भुतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात. आजीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे त्यांची नरक चतुर्दशीच की!” मौज अशी की त्या वर्षी मराठी पंचांगाप्रमाणे नरक चतुर्दशी खरोखरच ३१ ऑक्टोबरला होती. शेजारच्यांचे लक्ष्मीपूजन त्याच दिवशी, आमचे दुसऱ्या दिवशी. त्यावरून गच्चीवर जे वाद झाले ते येथे नकोत.

खरा वाद पेटला तो चित्रांवरून. झाडूचे नाव काढताच आजीने हातातला चष्मा खाली ठेवला. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. तिच्यावर चेटकीण बसवायची आणि वर त्या उशीवर डोके ठेवायचे? छे! जाळ्याचे तर आम्हांलाच हसू आले. ज्या आठवड्यात आई काठीला फडके बांधून घरभर जळमटे काढीत होती, त्याच आठवड्यात आम्ही काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने जाळे भरायचे! घुबड मात्र सहज सुटेल असे वाटले नव्हते, कारण घराच्या छपरावर ते ओरडले की आजी अजून राम राम म्हणते. पण तिनेच तोड काढली. चित्रांत लक्ष्मीजवळ घुबड असतेच. तेव्हा तिचे वाहन म्हणून त्याला येऊ द्यावे.

हे सर्व ताईला कळवले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आजी, तू शिवशील ते सुंदरच होईल. पण त्या दिवशी तिच्या वर्गातल्या मैत्रिणी येणार आहेत गं. त्यांना कळेल असं काहीतरी कर. ती वेगळी पडायला नको.”

“वेगळी पडायला नको, हे खरं,” आजी म्हणाली, “पण माझ्याकडून जायचं तर माझं काहीतरी जायला नको का?”

दोघींचेही म्हणणे आम्हांला पटत होते, आणि हीच अडचण होती. ज्या मुलीने ग्वाल्हेर पाहिलेले नाही, जिला मराठी कळते पण बोलता येत नाही, तिच्या हाती आपल्या घरचे पडणार ते चार हात कापड. ते तिकडच्या दुकानात मिळते तसेच असेल, तर इथून पाठवायचे कशाला? आणि तिच्या मैत्रिणींना ते पाहून काहीच उमगले नाही, तर ती ते कपाटात ठेवील. आमचा धाकटा भाऊ इतका वेळ कापसात लोळत होता. तो एकदम म्हणाला, “आजी, भोपळ्यात म्हातारी बसव.”

लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेली आणि वाघाला चकवण्यासाठी भोपळ्यात बसून परतलेली म्हातारी कोणत्या मराठी मुलाला ठाऊक नाही? लाल भोपळा मूळचा अमेरिकेचाच. दर्यावर्दी लोकांबरोबर तो इकडे आला. तेव्हा गोष्टीतला भोपळा प्रथम दुध्या होता की लाल, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आजीने तो लाल ठरवला. चेटकिणीच्या जागी वाघ आला, आणि जाळ्याला आजीने परवानगी दिली ती एका अटीवर: साखळी टाका सरळ आला पाहिजे.

भोपळ्यासाठी आजीने पेटीतली आपली जुनी केशरी चंदेरी साडी काढली. आई “नको” म्हणेपर्यंत कात्री चालूही झाली होती. चंदेरीचे कापड विरळ, त्यातून कापूस डोकावतो. म्हणून आत अस्तर हवे. ते मिळाले बिर्लांनी १९२१ मध्ये येथे काढलेल्या जियाजीराव कापड गिरणीच्या एका जुन्या चादरीचे. गिरणी बंद होऊन कित्येक वर्षे झाली, चादर मात्र घट्ट होती. छत्तीस इंच लांब, अठरा इंच रुंद असा दुहेरी तुकडा घेतला. त्यावर आधी एक खिसा शिवला. मग आखूड बाजू जोडून नळी केली, एका तोंडाला धावदोरा घालून ते चुणून आवळले आणि कापड उलटले. कापूस भरून दुसरे तोंड आवळायचे. मग लांब सुईने जाड लोकर मधोमध आरपार नेऊन बाहेरून वर आणायची आणि ओढायची. असे आठ वेळा केले की आठ फाका दिसू लागतात. देठाला तपकिरी चिंधी. आजीच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली होती. म्हणून सुया ओवण्याचे काम आमचे. टाके मात्र तिने बोटांनी चाचपून घातले, आणि ते आमच्याहून सरळ आले हे सांगणे भाग आहे.

म्हातारी बोटभर उंचीची, पांढऱ्या सुती चिंधीची. नऊवारी नेसलेली, कपाळावर लाल गाठीचा टाका. ती खिशात अशी बसे की डोके तेवढे बाहेर दिसावे. वाघ धाकट्याने कापला. तो मांजरासारखा दिसतो असे आम्ही म्हटले, तेव्हा काळ्या मांजराला तिकडे मान असतो, असे उत्तर मिळाले.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. त्यानंतर ओळखीचे एक गृहस्थ अमेरिकेस निघाले होते. पण त्यांच्या सामानात चार भरलेल्या उशा कशा मावणार? थंडीच्या तोंडी आमच्या बाजारात रजयांसाठी पिंजलेल्या कापसाचे ढीग लागतात, आम्हीही दोन शेर आणून ठेवला होता. तो घरीच राहिला. भोपळ्याचा कापूस काढला, वरचा दोरा सैल ठेवला आणि उशा घडी घालून रिकाम्याच पाठवल्या. सोबत लोकर, लांब सुई आणि कसे भरावे याचे पत्र. ते आजीने सांगितले, आम्ही लिहिले. ज्या ठिकाणी शब्द अपुरे वाटले तेथे चित्रे काढली.

३१ ऑक्टोबरला पहाटे आम्ही उटणे लावून न्हालो. छायाचित्र आले ते दुसऱ्या दिवशी, आमच्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. वाघ आणि घुबड कोचावर होते. जाळे कोठे दिसले नाही. भोपळा कृत्रिम कापसाने इतका ठासून भरला होता की फाका मोजता येत नव्हत्या. म्हातारीच्या खिशात मैत्रिणींसाठी चॉकलेटे भरली होती, आणि म्हातारी देठाला टेकून वर बसली होती. तिला तेथे कोणी बसवले, हे आजीने फोनवर दोनदा विचारले.