पुढच्या तारखेआधी

बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं सांगलीहून आई फोनवर म्हणाली. साताऱ्यात सासूबाईंचं म्हणणं, पाणी बदललं. मला मात्र इंजेक्शनचा संशय येत होता, आणि विचारायचं कुणाला तेच कळेना.

माहेरी असतानाच, बाळ दीड महिन्याचं झाल्यावर, मी सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं होतं. तीन महिन्यांतून एकदा, फुकट, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं. पाळी मागंपुढं होईल, हे सिस्टरनी नीट समजावलं. केसांचा विषय निघालाच नाही. पुढं बाळ चार महिन्यांचं झालं आणि न्हाणीच्या जाळीवर रोज पुंजका साठायला लागला. गोळी असती तर दुसऱ्या दिवशी बंद करता आली असती. इंजेक्शन दंडात गेलं की बाहेर कसं काढायचं? या विचारानं माझी झोप उडाली.

पोवई नाक्याजवळच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी बट चिमटीत धरून हलकेच ओढली. हातात आलेला एक केस उजेडात धरला. मुळाशी बारीक पांढरा ठिपका. हा तुटलेला नाही, मुळापासून सुटलाय, त्याचं कारण दोन-तीन महिने मागं शोधायचं, त्या म्हणाल्या. मी बोटांवर महिने मोजले. मागं बाळंतपणही होतं आणि इंजेक्शनही!

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन उतरतं तसे केस गळतात, आणि बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. अंतरानंही काहीजणींचे गळतात. औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. माझं नेमकं कशानं, ते नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फेरिटिन तपासायला लावलं. फेरिटिनवरून अंगातला लोहाचा साठा कळतो. माझा तळाला गेला होता. म्हणजे तिसरं कारण.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. पण पुढच्या डोसची तारीख जवळ आलीय, आणि मधे काहीच नाही असं होऊ देऊ नका, पाठीला पाठ लागेल, हे डॉक्टरांनी बजावलंय. पर्याय म्हणून तांबी आहे. ‘छाया’ आहे, हार्मोन नसलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाजतानाही चालते. माझा कल तिकडं आहे. अंतराला मी नावं ठेवत नाही, माझ्या जावेला ते छान मानवलंय. आशाताईंना मात्र मी स्पष्ट सांगितलं, पाळीचं सांगता तसं केसांचंही आधी सांगत जा. बाई मनातल्या मनात घाबरते आणि कुणाला न विचारता पुढचा डोस चुकवते.