परतीचे टायर

मुंबईत मोटारी पळवायचा ट्रॅक नाही, आणि त्याचं दुःख बोरीवलीत कुणी करत असेल असं वाटत नाही. संध्याकाळी मागाठाण्याजवळ हायवेवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली तरी माणूस वजिऱ्याच्या गणपतीला मनातून हात जोडतो. तरीही आमच्या शिंपोलीच्या सोसायटीत एक निळी हॅचबॅक आहे, जी अधूनमधून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जाऊन येते. तिथे १९९० पासून ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरू करत सुमारे १,३०० किलोमीटर जायचं, पैसे भरून दिवसभर गोल गोल पळायचं आणि त्याच चार टायरांवर घरी यायचं. ही शर्यत नव्हे. ना नंबर, ना कप. हौस!

गाडीचा मालक आमच्या वरच्या मजल्यावरचा. परत आला की बॅगा तशाच डिकीत ठेवून आधी चाकांपाशी उकिडवा बसतो. शर्यत संपल्यावर बैलगाडीवाला आधी बैलाचे खूर बघतो, तसा. ‘‘काका, हात लावून बघा,’’ म्हणतो. पुढच्या दोन टायरांचे बाहेरचे खांदे खरवडलेले असतात. गाडी ओढायची पुढच्याच चाकांनी, वळायचं त्यांनीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. मागची दोघं त्या मानाने वरातीला आलेली. तापून मऊ झालेल्या रबराने ट्रॅकवरचं मिळेल ते उचललेलं असतं: बारीक खडी, दुसऱ्यांच्या टायरांचे वळलेले तुकडे. बोथट स्क्रूड्रायव्हरने तो एकेक खडा काढतो. आत राहिलेला खडा धावता धावता खोल रुतत जातो.

हवेचा हिशेब मात्र मला फार आवडला. थंड टायरात ३२ पीएसआय हवा असली, तर चार फेऱ्यांत टायर ८० अंशांपर्यंत तापतो आणि काटा ४० च्या घरात जातो. फुगलेला टायर रस्त्याला नीट धरत नाही, म्हणून हवा सोडून तो ३४ वर आणतात. संध्याकाळी सगळे चहा पीत गप्पा मारत असताना टायर गार होतात, आणि ३४ चे गुपचूप २७ होतात. डोळ्यांना काही कळत नाही. पहाटे हायवेला लागून माणूस शंभरने निघतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, वाकतो, आतून तापतो आणि फुटायचा तर तिथेच फुटतो. म्हणून निघण्याआधी, टायर पूर्ण गार असताना, पुन्हा हवा भरायची आणि चाकांचे नट पान्याने तपासायचे. ट्रॅकवर हेल्मेट घालणारी माणसं परतीच्या वाटेवर हवा विसरतात, हे मला जास्त भयंकर वाटतं.

उष्णतेचं आणि रबराचं नातं जुनं आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवलं, म्हणून चिकट रबराचा चिवट टायर होऊ शकला. पण तीच आच पुन्हा पुन्हा लागली की रबर कडक होत जातं. नक्षी खोल दिसते, पकड गेलेली असते. कायदा १.६ मिलिमीटर नक्षी मागतो. कडकपणा कुठला कायदा मोजणार? तो कळतो जूनच्या पहिल्या सरीत, फ्लायओव्हरच्या उतारावर.

उलट नुसती उभी गाडीही टायर म्हातारे करते. रबरात मिसळलेलं मेण आणि रसायनं टायर फिरताना पृष्ठभागावर येतात आणि ओझोनपासून त्याला राखतात. चाक फिरलंच नाही तर बाजूला बारीक भेगा पडतात. वर चकाकणारं तेल फासून त्या बुजत नाहीत. टायर धुवायला साबणाचं पाणी पुरे.

घरी आल्यावर उतरवलेले टायर ठेवायचे कुठे, हा खास आपल्या उपनगरांचा प्रश्न. गॅलरीत ऊन लागतं, आणि पावसाळ्यात आत पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या तर महापालिकेची माणसं दारात येतात, आणि बरोबर येतात. सोसायटीची पंपाची खोली रिकामी दिसते, पण विजेच्या मोटरांजवळ टायर ठेवू नयेत, ओझोनमुळे रबर तडकतं, असं टायरवाले सांगतात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आमच्या गाडीवाल्याने ते काळ्या पिशव्यांत बांधून पलंगाखाली सरकवले. त्याच्या आईने तीन दिवस अबोला धरला. भांडुपला सिएटचा कारखाना इतकी वर्षं आहे, इटलीतल्या तुरीनचं हे नाव १९५८ पासून मुंबईचं झालंय. पण टायर घरात झोपवायची पाळी याच घरावर आली असावी.

ट्रॅकवर मी काही जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका हवं तर. पण गावी निघण्याआधी गाडीजवळ वाका. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते एका बाजूलाच असतात, म्हणून दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघा. आणि हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा.