गौरीच्या गोळ्या

2020 साली गौरी 25 ऑगस्टला येणार होत्या आणि माझी पाळी नेमकी त्याच आठवड्यात. दरवर्षीसारख्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. त्यासाठी डॉक्टरांना विचारावं, हे आमच्या घरात कुणाच्या मनात येत नसे. जाऊबाई घेत, नणंद घेई, मीही घेई.

विसर्जनाच्या रात्री अंग मोडून आलं. दोन दिवसांनी कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. ताप बेताचा, ऑक्सिजन 97, म्हणून घरीच वरच्या खोलीत राहायचं ठरलं. तापात पाळीचा त्रास नको म्हणून गोळ्या आणखी पाच दिवस चालू ठेवल्या. बाथरूम खाली आणि सगळ्यांचं, म्हणून पाणी बेतानंच पीत होते. सासूबाई दाराबाहेर ताट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पडून राहा गं, हलू नकोस." मी अक्षरशः तेच केलं. माझं वजन तेव्हा 82 किलो होतं.

सातव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. पायात गोळा आला असेल म्हणून तेल लावून चोळली. ताप तोवर उतरला होता, तोंडाला चव येत होती, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. 8 सप्टेंबरला आंघोळ करून जिना चढताना चौथ्या पायरीवर छाती आवळली. श्वास पुरेना. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 88, नाडी 126.

दवाखान्यात छातीचा सीटी केला. स्कोअर 25 पैकी 6, म्हणजे सौम्य. तिथंच मला निमोनियाचं औषध देऊन झोपवलं असतं. पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीला ते पटेना. "ताई, फुफ्फुस एवढं चांगलं दिसतंय, मग ऑक्सिजन का पडतोय?" असं म्हणत ती खुर्ची ओढून बसली. तिनं दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून पाहिला, डावी दोन सेंटिमीटरनं जाड निघाली. मग तिनं विचारलं, "पाळीच्या किंवा कुठल्या हार्मोनच्या गोळ्या घेता?" तोवर चौघांनी माझी माहिती लिहून घेतली होती. सगळ्यांना मी "बीपी नाही, शुगर नाही, गोळी कुठलीच नाही" असं सांगितलं होतं. गौरीच्या गोळ्या मला औषध वाटतच नव्हत्या. घरी कुणाला गुठळी झाली होती का, हेही तिनं विचारलं. माझ्या आईचा पाय धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर सुजून लाकडासारखा झाला होता. ते मी पहिल्यांदाच कुणा डॉक्टरला सांगत होते.

मग गुठळीचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी केली. डी-डायमर 500 च्या आत असायला हवं, माझं 3,500 च्या वर होतं. साध्या सीटीत गुठळी दिसत नाही, म्हणून शिरेतून औषध सोडून पुन्हा सीटी केला. उजव्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीच्या खालच्या फांदीत गुठळी होती. पायाच्या डॉपलरमध्ये दुसरी सापडली.

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठायला टेकतं. त्यात दहा दिवस पडून राहिल्यामुळे पायातलं रक्त साचलं. पाणी कमी, वजन जास्त, आईचा इतिहास. गोळ्यांतल्या हार्मोनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्याचीही भर. "एकट्या गोळीनं झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण हे सगळं एकाच पंधरवड्यात एकत्र आलं." पोटरी चोळायला नको होती, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून माझ्या हातापायाला कापरं भरलं.

पोटात हेपॅरिनची सुई सकाळ-संध्याकाळ. बेंबीभोवती निळे-जांभळे डाग पडले. घरी आल्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने, आणि त्या काळात पाळी इतकी जायची की दोनदा हिमोग्लोबिन तपासावं लागलं. सिस्टर तिसऱ्या दिवसापासून मला धरून वॉर्डात चालवायच्या. पहिल्यांदा फक्त दरवाजापर्यंत.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांचा उल्लेख नव्हता. मी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: फुफ्फुसात गुठळी, सप्टेंबर 2020, पाळीच्या गोळ्या देऊ नयेत, आईलाही बाळंतपणानंतर पायात गुठळी. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या फाइलवर आजीची आणि माझी, अशा दोन ओळी लिहिल्या आहेत.

2021 च्या गौरीला पाळी पूजेच्या आदल्या दिवशी आली. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे. पूजा मी करते, तू माळा ओव."