‘उद्या नको’चं बटण

दुधाच्या अ‍ॅपचं काम करताना माझा सगळ्यात जास्त जीव अडकला तो नोटिफिकेशनखालच्या ‘उद्या नको’ या बटणात. अ‍ॅप न उघडता, अंगठ्याच्या एका दाबात निरोप गेला पाहिजे.

अँड्रॉइडवर अशी बटणं 2012 साली जेली बीनबरोबर आली. तिथे तीनच मावतात, पण नोटिफिकेशन दाखवताना अ‍ॅपचा कोडच ती जोडतो, त्यामुळे सर्व्हरकडून आलेली नावं लावता येतात. आयफोनवर बटणांच्या कॅटेगरी आधीच नोंदवून ठेवायच्या आणि पुश संदेशात फक्त कॅटेगरीचं नाव धाडायचं. दिवाळीपुरतं ‘अर्धा लिटर वाढवा’ हवं असेल, तर नवी आवृत्ती काढा आणि लोक ती घेईपर्यंत वाट बघा. यातून वाट निघाली ती आयओएस 10 मधल्या सर्व्हिस एक्स्टेंशनमुळे. संदेश पडद्यावर येण्याआधी तिला थोडा अवधी मिळतो, तेवढ्यात नवी कॅटेगरी नोंदवता येते. मात्र नोंदणी करणारं फंक्शन जुनी यादी पुसून नवी ठेवतं. आधीची मागून घेऊन तिच्यातच भर घालावी लागते. आयओएस 12 पासून तर उघडलेल्या नोटिफिकेशनखालची बटणं जागच्या जागी बदलता येतात. ‘उद्या नको’ दाबलं की तिथेच ‘राहू दे, पाठवा’. खरी सोय ही.

अँड्रॉइडची मोकळीक मात्र फसवी आहे. बटणामागच्या दोन पेंडिंग इंटेंटमध्ये (दाबल्यावर काय करायचं, याच्या आदेशांमध्ये) फरक फक्त एक्स्ट्राजचा, म्हणजे सोबतच्या माहितीचा असेल, तर अँड्रॉइड त्यांना एकच समजतं. एकाच फोनवर स्वतःचं घर आणि आईचं घर अशी दोन खाती असली, की स्वतःच्या नोटिफिकेशनवर ‘उद्या नको’ म्हणावं आणि दूध आईचं बंद व्हावं! प्रत्येक खात्याला वेगळा रिक्वेस्ट कोड दिला की हे टळतं.

मार्केटिंगवाल्यांना वाटतं, बटणाचं सगळंच सर्व्हरवरून ठरावं. मला ते पटत नाही. नाव सर्व्हरने खुशाल ठरवावं. दाबल्यावर काय घडणार, हे अ‍ॅपमधल्या ठरलेल्या यादीतूनच. यादीबाहेरचं काही आलं, तर मी ते बटण दाखवतच नाही. पैसे कापणाऱ्या बटणाला फोनचं कुलूप उघडायची अट हवीच. आयफोनवर ती सोय पूर्वीपासून आहे, अँड्रॉइडवर 12 व्या आवृत्तीपासून आली. ‘उद्या नको’ला मात्र मी ती अट लावत नाही. चुकून दाबलं गेलंच, तर फार तर एक दिवस कोरा चहा.