ट्यूब की ट्यूबलेस?

मुलांनो, डोंगरात सायकल चालवणार असाल, तर आधी टायर पाहा. माझ्या सायकलीला ट्यूब होती. सातमाळ्याच्या दगडी वाटेवर चाक घसरू नये म्हणून मी हवा कमी केली. उतारावर चाक दगडावर आपटले. ट्यूब चेमटली आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडली. पॅच एकच उरला होता! अंधारात सायकल ढकलत घरी आलो. अम्मी दारातच उभी होती.

आता मी ट्यूबलेस टायर घेतले आहेत. त्यांत चेमटायला ट्यूबच नाही, म्हणून हवा थोडी कमी चालते. बाभळीचा काटा रुतला, तर आतले पातळ द्रव्य छिद्र बुजवते. मात्र ते काही महिन्यांत वाळते. पुन्हा भरावे लागते. तुम्हांला फक्त शाळेत जायचे असेल, तर ट्यूबच बरी. पंक्चर कोणीही काढून देतो. टायरला मोठी चीर पडली, तर ते द्रव्यही हरते. म्हणून पिशवीत एक ट्यूब ठेवतोच. आणि पॅच? दोन.